घास अडकतो तेव्हा : परिचर्या सहाय्यकांसाठी गैरसमज आणि वस्तुस्थिती

घशात घास अडकून श्वास बंद होणे ही आणीबाणी बहुधा जेवणाच्या वेळी ओढवते, आणि त्या वेळी रुग्णाजवळ डॉक्टर किंवा सिस्टर क्वचितच असतात. रुग्णालयातल्या मावशी आणि वॉर्डबॉय, जनरल ड्यूटी असिस्टंटचे प्रशिक्षण घेतलेले तरुण-तरुणी, वृद्धाश्रमातले सेवक, ब्युरोमार्फत घरी येणाऱ्या आयाबाई हेच रुग्णाला भरवत असतात. शरीराला मिळणारा प्राणवायू पूर्ण तुटला, तर साधारण चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. एवढ्या वेळात रुग्णवाहिका दारात येईलच याची खात्री कुठेही देता येत नाही. म्हणून भरवणाऱ्या माणसाला पहिली मदत नेमकी कशी करायची हे ठाऊक असणे, हा रुग्णसेवेचाच भाग आहे.

घशाच्या मागच्या भागातून अन्न आणि हवा दोन्ही जातात. गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते, त्याच्या तोंडावरची झडप मिटते आणि श्वास क्षणभर थांबतो. त्यामुळे अन्न अन्ननलिकेत उतरते. पक्षाघात, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश, गुंगी आणणारी औषधे, पडलेले दात किंवा सैल कवळी यांमुळे चावण्या-गिळण्याची ही जुळणी बिघडते आणि घास श्वासनलिकेच्या तोंडाशी अडकतो. थोडी हवा जात असेल तर तो अंशतः अडथळा, हवा पूर्ण थांबली तर पूर्ण अडथळा. कोणता अडथळा आहे हे एका प्रश्नावरून कळते : रुग्णाला जोरात खोकता येते आहे का? पुढचे बहुतेक गैरसमज हा प्रश्न न विचारल्यामुळे टिकून आहेत.

गैरसमज १ : घास अडकला की रुग्ण खोकतो, ओरडतो, आवाज नसेल तर काळजीचे कारण नाही.

वस्तुस्थिती : खोकण्यासाठी आणि बोलण्यासाठी स्वरयंत्रातून हवा जावी लागते. पूर्ण अडथळ्यात हवाच जात नाही, म्हणून रुग्ण अगदी गप्प होतो. तो घाबरलेल्या नजरेने पाहतो, हात गळ्याकडे नेतो, तोंड उघडतो पण शब्द फुटत नाही. खोकला निघालाच तर तो क्षीण आणि बिनआवाजी असतो. काही वेळा श्वास आत ओढताना शीळ घातल्यासारखा बारीक आवाज येतो. ओठ, हिरड्या आणि नखे निळसर पडू लागतात. सावळ्या रंगाच्या रुग्णात चेहऱ्यापेक्षा याच जागा तपासाव्यात. पक्षाघातामुळे हात उचलता न येणारा किंवा स्मृतिभ्रंश झालेला रुग्ण गळ्याकडे हात नेईलच असे नाही. जेवता जेवता तो एकाएकी थांबला, अस्वस्थ झाला किंवा त्याची मान कलली, तर आधी घशाचा विचार करावा. १९६३ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय लेखात उपाहारगृहातल्या अशा अचानक मृत्यूंचे वर्णन आले. हे मृत्यू हृदयविकाराने झाले असे समजले जात होते; प्रत्यक्षात घशात अन्न अडकलेले होते. अशी गल्लत आजही होऊ शकते. शुद्धीवरच्या रुग्णाला सरळ विचारावे, ‘घशात अडकलंय का?’ तो बोलून उत्तर देऊ शकला, तर हवा जाते आहे. नुसती मान हलवली आणि आवाज निघाला नाही, तर तत्काळ मदत सुरू करावी.

गैरसमज २ : ठसका लागला की डोक्यावर थापटावे, ‘वर बघ’ म्हणावे किंवा लगेच पाठीत मारावे.

वस्तुस्थिती : मराठी घरांत लहानपणापासून हेच पाहिलेले असते, त्यामुळे हात आपोआप डोक्याकडे जातो. डोक्यावर थापटल्याने श्वासनलिकेत काहीच घडत नाही. मान मागे टाकून वर पाहिल्याने तोंडात उरलेला घास आणखी मागे घसरण्याचा धोका मात्र वाढतो. जोरात खोकणाऱ्या रुग्णाकडे अडकलेला घास बाहेर फेकण्याचे सर्वांत चांगले साधन असतेच, ते म्हणजे त्याचा खोकला. अशा वेळी भरवणे थांबवावे, त्याला बसते करून किंचित पुढे वाकवावे, धीर द्यावा आणि ‘खोका, आणखी जोरात खोका’ असे सांगावे. पाठीवर थापा किंवा पोटावर झटके या टप्प्यावर देऊ नयेत. रुग्णाला एकटे सोडू नये, कारण अंशतः अडथळ्याचा पूर्ण अडथळा क्षणात होऊ शकतो. खोकल्याचा जोर ओसरला, आवाज बंद झाला किंवा ओठ निळे पडू लागले, की पुढची पायरी घ्यावी.

गैरसमज ३ : पाणी पाजले किंवा केळे खायला दिले की घास खाली उतरतो.

वस्तुस्थिती : पाणी अन्ननलिकेत जाते, श्वासनलिकेत अडकलेला घास त्याने हलत नाही. उलट गिळण्याची जुळणी बिघडलेली असताना ओतलेले पाणी श्वासमार्गात शिरून उरलासुरला श्वासही कोंडते. माशाचा काटा टोचला की भाताचा गोळा किंवा केळे गिळायला देण्याची रीत कोकणात आणि गोव्यातही परिचित आहे. श्वास अडलेल्या रुग्णाला असे काही दिले तर आधीच्या अडथळ्यावर दुसरा अडथळा बसतो. काटा टोचलेला, पण बोलणारा आणि नीट श्वास घेणारा रुग्ण ही वेगळी स्थिती आहे. तिथेही घरगुती उपायांपेक्षा डॉक्टरांकडून काटा काढून घेणेच योग्य. श्वास पूर्ववत होऊन सिस्टर किंवा डॉक्टरांनी तपासेपर्यंत तोंडाने काहीही देऊ नये.

गैरसमज ४ : तोंडात बोट घालून घास काढून टाकावा.

वस्तुस्थिती : न दिसणारा घास बोटाने चाचपून काढायला गेले की तो आणखी खोल ढकलला जातो, घशाच्या आतल्या भागाला जखम होते, आणि शुद्धीवरचा रुग्ण बोट चावू शकतो. तोंड उघडल्यावर घास समोर स्पष्ट दिसत असेल आणि सहज पकडता येत असेल, तरच तो काढावा. सैल झालेली कवळी दिसली तर तीही काढावी. लहान मुलांच्या बाबतीत हा नियम अधिक काटेकोरपणे पाळावा, कारण त्यांचा घसा अरुंद असतो.

गैरसमज ५ : सहाय्यकाने रुग्णाला हात लावू नये, आधी सिस्टरला बोलावून आणावे.

वस्तुस्थिती : औषध देणे सहाय्यकाच्या कामात बसत नाही, पण गुदमरणाऱ्या रुग्णाला प्रथमोपचार देणे बसते. रुग्णाला सोडून नर्सिंग स्टेशनपर्यंत जाऊन येण्यात जी दोन मिनिटे जातात, तीच निर्णायक असतात. मदत जागेवरूनच मागवावी : मोठ्याने हाक द्यावी, पलंगाजवळची बेल दाबावी, शेजारच्या रुग्णाच्या नातेवाइकाला सिस्टरकडे धाडावे. बऱ्याच रुग्णालयांत अशा प्रसंगी ‘कोड ब्लू’ पुकारतात. तो कसा पुकारायचा हे कामाच्या पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे. घरी असताना कुटुंबातल्या कोणाला तरी १०८ किंवा ११२ लावायला सांगावे. घरात दुसरे कोणीच नसेल, तर फोन लाऊडस्पीकरवर ठेवून हातांनी उपचार चालू ठेवावेत. रुग्ण शुद्धीवर असेल तर ‘मी मदत करते, घाबरू नका’ एवढे सांगून सुरुवात करावी. हे एक वाक्य धडपडणाऱ्या माणसाला पुष्कळ शांत करते.

गैरसमज ६ : पाठीवर मारल्याने घास खाली जातो, खरा उपाय फक्त पोटावरचे झटके.

वस्तुस्थिती : या समजामागे एक जुना वाद आहे. अमेरिकी शल्यविशारद हेन्री हाइमलिक यांनी १९७४ मध्ये पोटावर झटके देण्याची पद्धत मांडली. पोट आत आणि वर दाबले की छाती आणि पोट यांमधला पडदा उचलला जातो, फुप्फुसांत उरलेली हवा जोराने बाहेर पडते आणि घासाला ढकलते. ही पद्धत जगभर पसरली. पाठीवरच्या थापा मात्र घातक आहेत, असा प्रचार हाइमलिक यांनी केला आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांतून मोठ्या माणसांसाठीच्या थापा वगळल्या गेल्या. युरोपात आणि ब्रिटनमध्ये त्या चालूच राहिल्या. पुढे उपलब्ध पुरावे तपासल्यावर थापा उपयोगी ठरतात हे मान्य झाले. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२५ च्या सूचनांमध्येही मोठी माणसे आणि एक वर्षावरील मुले यांच्यासाठी आधी पाठीवर पाच थापा, मग पोटावर पाच झटके असाच क्रम आहे.

थापा देण्याची रीत अशी. सहाय्यकाने रुग्णाच्या बाजूला, किंचित मागे उभे राहावे. एका हाताने छातीला आधार देऊन त्याला कमरेतून चांगले पुढे वाकवावे, म्हणजे सुटलेला घास तोंडाकडे येईल. दुसऱ्या तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने दोन्ही खवाट्यांच्या मधोमध जोरदार थाप द्यावी. प्रत्येक थाप सुटी असावी, आणि प्रत्येकीनंतर घास निघाला का ते पाहावे. ताठ बसलेल्या किंवा मागे रेललेल्या रुग्णाच्या पाठीत मारू नये; थापांविषयीची भीती खरी ठरू शकते ती अशाच स्थितीत.

पाच थापांनी काम झाले नाही तर रुग्णाच्या मागे उभे राहावे. आपला एक पाय त्याच्या दोन पावलांच्या मधे रोवावा, म्हणजे तो कोसळलाच तर सावरता येतो. एका हाताची मूठ वळून तिची अंगठ्याकडची बाजू बेंबीच्या वर, पण छातीच्या हाडाच्या टोकाच्या बरीच खाली टेकवावी. दुसऱ्या हाताने मूठ धरून आत आणि वर असा झटका द्यावा. बरगड्या आवळू नयेत. पाच झटक्यांनंतर पुन्हा पाच थापा, आणि घास निघेपर्यंत किंवा रुग्ण बेशुद्ध होईपर्यंत हेच चक्र चालू ठेवावे.

वयाची सबब इथे पुढे करू नये. २०१६ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, खुद्द हाइमलिक यांनी सिनसिनाटी शहरातल्या आपल्या वृद्धनिवासात जेवणाच्या टेबलाशी गुदमरलेल्या ८७ वर्षांच्या शेजारणीला पोटावरच्या झटक्यांनी वाचवले.

गैरसमज ७ : एकच पद्धत सगळ्यांना लागू होते.

वस्तुस्थिती : क्रम तोच राहतो, पण हात कुठे आणि कसा ठेवायचा हे रुग्णानुसार बदलते.

गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत, किंवा पोटाला हातांची मिठी पुरत नाही इतक्या स्थूल रुग्णात, पोटाऐवजी छातीवर झटके द्यावेत. मूठ छातीच्या हाडाच्या मध्यावर ठेवावी आणि सरळ मागे ओढावे.

चाकाच्या खुर्चीत असलेल्या रुग्णासाठी आधी चाकांचे ब्रेक लावावेत. पट्टा बांधलेला असल्यास तो सोडावा आणि बाजूला उभे राहून रुग्णाला पुढे वाकवून थापा द्याव्यात. नंतर खुर्चीमागून हात पुढे घेऊन झटके द्यावेत. खुर्ची भिंतीला टेकवली तर ती सरकत नाही.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला शक्य असल्यास बसते करावे. ते जमत नसेल तर आपल्या बाजूला कुशीवर वळवून थापा द्याव्यात. मग उताणे करून बेंबीच्या वर तळहात टेकवून आत आणि डोक्याच्या दिशेने झटके द्यावेत.

गळ्याला छिद्र पाडून नळी बसवलेल्या रुग्णाचा श्वास त्या नळीतून चालतो. तिथे श्वास अडला तर बहुधा नळीत कफ साचलेला असतो. तत्काळ सिस्टरला बोलावून सक्शन करून घेणे, हाच उपाय.

एक वर्षाखालच्या बाळाच्या पोटावर झटके कधीच देऊ नयेत, कारण त्याचे यकृत मोठे आणि नाजूक असते. पाय धरून बाळाला उलटे लटकवण्याची जुनी रीतही धोक्याची आहे; हातातून निसटून डोक्याला मार बसू शकतो. बाळाला हातावर पालथे घ्यावे, डोके छातीपेक्षा खाली ठेवून जबड्याला आधार द्यावा आणि खवाट्यांच्या मधे पाच थापा द्याव्यात. मग उताणे करून छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर पाच झटके द्यावेत. २०२५ च्या अमेरिकी सूचनांनुसार हे झटके एका तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने द्यायचे आहेत.

गैरसमज ८ : रुग्ण बेशुद्ध पडला की सहाय्यकाच्या हातात काही उरत नाही.

वस्तुस्थिती : या क्षणी उपचार बदलतो, संपत नाही. रुग्णाला जमिनीवर किंवा कठीण पृष्ठभागावर उताणे झोपवावे, मदत मागवली गेली आहे याची खात्री करावी आणि नाडी शोधण्यात वेळ न घालवता सीपीआर सुरू करावा. मोठ्या माणसाच्या छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यावेत. ३० दाबांनंतर हनुवटी उचलून तोंडात पाहावे. घास दिसला तरच काढावा, मग दोन श्वास द्यावेत. वॉर्डात अँबू बॅग असते. ती वापरायचे प्रशिक्षण घेतलेल्याने ती वापरावी. पहिल्या श्वासाने छाती वर आली नाही तर डोक्याची स्थिती सुधारून दुसरा श्वास द्यावा आणि लगेच दाबांकडे वळावे. छातीवरच्या दाबांनीही फुप्फुसांतली हवा बाहेर ढकलली जाते, त्यामुळे अडकलेला घास याच टप्प्यावर सुटण्याची शक्यता असते. डॉक्टर किंवा रुग्णवाहिकेतले पथक ताबा घेईपर्यंत थांबू नये.

गैरसमज ९ : ‘पुनरुज्जीवन नको’ अशी नोंद असलेल्या रुग्णाला घास अडकल्यावरही मदत करायची नसते.

वस्तुस्थिती : भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये अशा नोंदींसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. या नोंदीचा संबंध हृदय थांबल्यानंतरच्या सीपीआरशी आहे. शुद्धीवर असलेल्या, जेवताना गुदमरणाऱ्या माणसाचा घास काढणे हा सीपीआर नव्हे. त्याला थापा आणि झटके द्यायलाच हवेत. दुर्धर आजाराच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णालाही घशातल्या घासाने तडफडू देणे कोणत्याही नोंदीत अभिप्रेत नसते. रुग्ण बेशुद्ध झाल्यास पुढे काय करायचे, याचा निर्णय सिस्टर आणि डॉक्टर घेतात; म्हणून ज्याच्या फाइलवर अशी नोंद आहे त्याच्याबाबत ड्यूटी सुरू होतानाच विचारून घ्यावे.

गैरसमज १० : घास ओढून काढणारे यंत्र जवळ असले की हातांची गरज नाही.

वस्तुस्थिती : तोंडावर मास्क लावून निर्वात दाबाने घास ओढणारी उपकरणे ऑनलाइन विकली जातात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४ मध्ये लोकांना सावध केले, की आधी प्रस्थापित पद्धतीच वापराव्यात, कारण खोके उघडून उपकरण जुळवण्यात मोलाचा वेळ जातो. वॉर्डातले सक्शन मशीन तोंडातली लाळ, उलटी, पातळ पदार्थ ओढण्यासाठी उपयोगी आहे. श्वासनलिकेच्या तोंडाशी रुतलेला पोळीचा गोळा किंवा मांसाचा तुकडा त्याच्या बारीक नळीतून येत नाही.

गैरसमज ११ : घास निघाला की प्रसंग संपला.

वस्तुस्थिती : पोटावरच्या झटक्यांनी यकृत, प्लीहा, जठर किंवा बरगड्यांना इजा झालेली असू शकते आणि ती वरून दिसत नाही. घासाचा एखादा कण फुप्फुसात उतरला तर काही दिवसांत न्यूमोनिया होऊ शकतो. शेंगदाणा किंवा चण्याची डाळ खाताना गुदमरलेले मूल नंतर शांत खेळू लागले, तरी दाणा श्वासनलिकेच्या फांदीत जाऊन बसलेला असू शकतो. म्हणून झटके दिलेल्या प्रत्येक रुग्णाची डॉक्टरांकडून तपासणी व्हावी. पोटात दुखणे, छातीत दुखणे, सतत खोकला, घरघर, ताप किंवा काहीतरी अडकल्याची भावना यांची माहिती लगेच द्यावी.

सहाय्यकाने सिस्टरला पुढील गोष्टी सांगाव्यात आणि त्यांची नोंद होईल हे पाहावे : प्रसंग किती वाजता घडला, रुग्ण काय खात होता, कोणत्या स्थितीत बसला किंवा झोपला होता, किती थापा आणि झटके दिले, तो बेशुद्ध झाला का, काय बाहेर पडले. दोषाच्या भीतीने हा प्रसंग लपवला, तर पुढच्या पाळीतली मावशी त्याच रुग्णाला तेच अन्न तसेच भरवते.

गैरसमज १२ : ठसका लागत नाही म्हणजे रुग्ण नीट गिळतो, आणि पातळ अन्न सर्वांत सुरक्षित असते.

वस्तुस्थिती : पक्षाघातानंतर घशाची संवेदना कमी झालेल्या रुग्णात पाणी आणि अन्न श्वासनलिकेत उतरले तरी खोकला येत नाही. जेवणानंतर आवाज ओलसर, घोगरा होणे, वारंवार ताप येणे, गालात घास साठून राहणे ही त्याची लक्षणे आहेत. पाणी, ताक, चहा हे पदार्थ घशातून वेगाने वाहतात. मंद गिळणाऱ्या रुग्णाला ते आवरत नाहीत. अशा वेळी गिळण्याची तपासणी करणारे तज्ज्ञ पेये घट्ट करून द्यायला सांगतात. सांगितलेला घट्टपणा सहाय्यकाने किंवा नातेवाइकांनी मनाने बदलू नये.

घास अडकण्याचे बरेच प्रसंग भरवण्याच्या पद्धतीतच टाळता येतात. रुग्ण पूर्ण जागा असावा. पेंगणाऱ्याला भरवू नये. त्याला शक्य तितके सरळ बसवावे आणि हनुवटी वर उचलली जाऊ देऊ नये. भरवणाऱ्याने उभे न राहता रुग्णाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावे, कारण वरून चमचा आला की मान मागे जाते. कवळी घट्ट बसली आहे का ते पाहावे. घास अर्ध्या चमच्याएवढा असावा आणि आधीचा गिळल्याशिवाय पुढचा देऊ नये. एक बाजू लुळी असेल तर घास चांगल्या बाजूने द्यावा. कोरडी भाकरी, सुकी पोळी, चिवडा, फुटाणे, सुपारी, अख्खी द्राक्षे आणि मांसाचे मोठे तुकडे टाळावेत. भाकरी दुधात किंवा आमटीत नीट कुस्करून मऊ करावी, पण सुटे पाणी आणि घट्ट तुकडे एकत्र राहू देऊ नयेत. जेवताना टीव्ही आणि गप्पा बंद ठेवाव्यात. शेवटी तोंडात काही उरले नाही ना ते पाहून चूळ भरून घ्यावी आणि किमान अर्धा तास बसते ठेवावे. नाकातल्या नळीतून अन्न देतानाही पलंगाचे डोके ३० ते ४५ अंश वर असावे. खोकला किंवा धाप लागली तर अन्न देणे थांबवून सिस्टरला बोलवावे.

गैरसमज १३ : चित्रफीत पाहिली की हे सगळे येते.

वस्तुस्थिती : हात कुठे टेकवायचा, जोर किती लावायचा आणि कोणती खूण दिसताच सुरुवात करायची, हे पुतळ्यावर सराव केल्यानेच अंगवळणी पडते. निरोगी सहकाऱ्याच्या पोटावर खरे झटके देऊन सराव करू नये. त्याने इजा होते. प्रशिक्षण दर दोन वर्षांनी तरी नव्याने घ्यावे, कारण सूचना बदलतात आणि हात विसरतात. रुग्णालये, वृद्धाश्रम आणि ब्युरो यांनी रुग्णाला भरवणाऱ्या प्रत्येकाला, तो कायम असो वा रोजंदारीवर, हे प्रशिक्षण द्यायला हवे. घरच्या रुग्णाच्या बाबतीत तेच कुटुंबीयांनीही शिकावे, कारण सुट्टीच्या दिवशी चमचा त्यांच्याच हातात असतो.